इन्नोशिमा-शी

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी किमिको वारली. सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला. मी तो घेतला, ऐकला आणि ठेवला. मग कोट घातला आणि बसची वाट बघत उभी राहिले.

आता दरवर्षी फेब्रुवारी सरत आला, की जर्सी सिटीत आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानाबाहेर ग्रेपफ्रूटचे ढीग लागतात. ट्रेन पकडायला धावणारी माणसं त्यांच्याकडे बघतही नाहीत. मी थांबते. एक फळ उचलते, सालीला नख लावते, आणि तो कडवट, तेलकट वास बोटाला लागला की पेनसिल्व्हेनियातला तो हिवाळा जसाच्या तसा परत येतो. रस्त्याच्या कडेला साचून राखाडी झालेला बर्फ, पायऱ्यांवर टाकलेलं जाडं मीठ बुटाखाली चुरडल्याचा आवाज, कॅम्पसच्या बसमध्ये ओल्या लोकरी मोज्यांचा वास. लोकांना वाटतं, अशा आठवणीनं माणसाला रडू येत असेल. मला राग येतो. दुःख केव्हाच निवलं, राग निवला नाही. तो कशाचा आहे हे एकदा नीट सांगावं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

नव्वदच्या दशकात स्टेट कॉलेज नावाच्या तिथल्या विद्यापीठाच्या गावात किमिको आणि मी एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. मी काटोलची, रसायनशास्त्र शिकायला आलेली. ती धातुशास्त्राची. जहाजाचे पत्रे एकमेकांना जोडले, की त्या जोडात कधीकधी बारीक भेगा पडतात. त्या का पडतात, हा तिचा विषय. पहिल्या दिवशी मी नाव सांगितलं, सुजाता, तर ती तोंडावर हात ठेवून हसायला लागली. तिच्या देशात कॉफीत घालायच्या दुधाच्या इवल्याशा डबीवर हेच नाव असायचं म्हणे. मी जरा घुश्शातच म्हटलं, सुजाता म्हणजे बुद्धाला खीर देणारी. "म्हणूनच तर दुधावर!" ती म्हणाली. मग आम्ही दोघीही हसलो. हजारो मैलांवरून आलेल्या दोन मुलींना एकच खीर ठाऊक होती.

आमचं दोघींचंही इंग्रजी शाळेत शिकलेलं, इस्त्री केलेलं. पण थकलो की ती जपानीतून वाक्याच्या शेवटी "ने" लावायची आणि मी मराठीतून "ना". बर्फ आहे ने. हो ना. एवढ्यावर आमचं बरंच भागायचं.

तिचं गाव इन्नोशिमा. जपानच्या दोन मोठ्या बेटांच्या मधे जो शांत समुद्र आहे, त्यातल्या एका बेटावरचं हे लहानसं शहर. विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक जाडजूड भूगोलकोश होता. त्यात मी ते शोधून काढलं होतं. बेटावरचं शहर, प्रांत हिरोशिमा, जहाजबांधणी, लिंबूवर्गीय फळं. संपलं. मी किमिकोला ते दाखवलं, तेव्हा ती वाकून बघत राहिली.

"ही धावती ओळख आहे," मी समजूत घातली.

"फारच धावती," ती म्हणाली. "बोटीतून उतरलासुद्धा नाही हा माणूस."

तिच्या घरी पाठवायच्या खोक्यावर पत्ता लिहायला तिनं मला शिकवलं, ती दुपार विसरता येत नाही. मी लिहीत होते, ती सांगत होती. "इन्नोशिमा. पुढे छोटी रेघ. शी." मी पेन खाली ठेवलं. "काय?" "शी. इन्नोशिमा-शी." मला हसू आवरेना. आमच्याकडे घाण दिसली की काय म्हणतात, लहान मुलाला लागली की ते आईला काय सांगतं, हे सगळं मी तिला समजावून सांगितलं. ती इतकी खूश झाली की त्या दिवसापासून कॅफेटेरियातलं सूप, आमच्या घरमालकाचा टाय, वितळलेल्या बर्फाचा चिखल, सगळ्याला ती शुद्ध मराठीत "शी!" म्हणायला लागली, तेही नाक मुरडून, अगदी आमच्या गल्लीतल्या बाईसारखं.

हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, "आमच्यात शी म्हणजे शहर. पण लिहायला वेगळं, ऐकायला तेच, असं आणखी एक शी आहे. ते म्हणजे मरण."

"मग पत्ता सांगताना विचित्र नाही वाटत?"

"शहर मोठं असलं की वाटत नाही," ती म्हणाली. "आमचं लहान आहे ने. कधीकधी ऐकू येतं."

तिचे वडील जहाजाच्या कारखान्यात वेल्डर होते. ती शाळेत असेपर्यंत सकाळ व्हायची ती लोखंडावरच्या घणाच्या आवाजानं. ती मोठी होता होता नव्या जहाजांचं काम थांबलं. मग फक्त जुन्यांची दुरुस्ती राहिली. वर्गातले बाक रिकामे होत गेले. एके सकाळी जाग आली, तर समुद्र ऐकू येत होता, आणि तिची आई स्वयंपाकघरात रडत होती. समुद्राचा आवाज म्हणजे संकट, असं मानणारं बेटावरचं गाव मी दुसरं ऐकलेलं नाही.

आणि तिथली फळं. हस्साकू त्यांचं नाव. ग्रेपफ्रूटपेक्षा लहान, पपनसासारखं जाड सालीचं, आंबटगोड आणि शेवटी जरासं कडू. ते फळ पहिल्यांदा त्या बेटावरच सापडलं म्हणतात. मी तिला काटोलच्या बागांचं सांगितलं. आंबिया बहराची संत्री, मृगाची संत्री, फुलोऱ्याच्या दिवसांत एसटी गावाच्या हद्दीत शिरली की खिडकीतून येणारा वास. आणि हेही सांगितलं, की बागा काटोलच्या, वरुडच्या, मोर्शीच्या, आणि बाजारात मात्र फळाला म्हणतात नागपूरची संत्री.

ती ताठ बसली. "मग काटोल?"

"काटोल कुणालाच माहीत नसतं."

"म्हणजे तुमची संत्री माझ्यासारखीच," ती म्हणाली. "दुसऱ्या गावाचं नाव लावून फिरतात."

तिचा रोजचा त्रास हाच होता. कुठली तू? इन्नोशिमा. कुठे आलं ते? आणि प्रांताचं नाव सांगितल्यावाचून सुटका नसायची. हिरोशिमा हा शब्द निघाला, की समोरच्याचा चेहरा बदलायचा. आवाज खाली यायचा, मान कलती व्हायची, कुणीतरी तिच्या दंडाला हलकेच स्पर्श करायचं. त्यानंतर तिला फळं, घण, बोटी, काही सांगताच यायचं नाही. बाँब पडलेलं हिरोशिमा शहर तिच्या बेटापासून खूप लांब. तिथे जायचं तर आधी खाडी ओलांडायची आणि मग गाडीत बसायचं. तिचा जन्म त्यानंतर वीसेक वर्षांनी झालेला. तिच्या घरातलं कुणी त्या दिवशी तिकडे नव्हतं. हिरोशिमाच्या दुःखाबद्दल मी काही बोलणार नाही, ते ज्यांचं आहे त्यांचं आहे. किमिकोही त्याबद्दल फार जपून बोलायची. पण ते तिचं नव्हतं, आणि दुसऱ्याचं दुःख अंगावर घालून मिरवणं तिला चोरीसारखं वाटायचं.

मग पानगळीच्या दिवसांत ती थकायला लागली. दंडावर निळे डाग दिसायला लागले. तपासण्या झाल्या, आणि रक्ताचा कर्करोग निघाला.

स्टेट कॉलेजमध्ये मराठी माणसं थोडी, म्हणून सगळ्यांना सगळं कळायचं. कुलकर्णीकाकूंच्या घरी संक्रांतीला आम्ही विद्यार्थी जमलो होतो. काकू मायाळू, सगळ्यांना डबे भरून देणाऱ्या. माझ्या हातावर तिळगूळ ठेवत त्यांनी विचारलं, "तुझी ती चिनी मैत्रीण कशी आहे गं?"

"जपानी आहे, काकू."

"तेच गं. हिरोशिमाची ना? अगं मग बॉम्बचंच असणार ते. पिढ्यान्‌पिढ्या जात नाही म्हणतात."

"काकू, ती हिरोशिमाची नाही. आणि डॉक्टर म्हणाले, कारण सांगता येत नाही. हे कुणालाही होतं."

"डॉक्टर इथले. ते बरं कबूल करतील!"

सोफ्यावरून पुण्याचा अभय म्हणाला, "यार, सुजाताला सगळं माहीत असणार. बुद्धिस्ट-बुद्धिस्ट एकदम घट्ट जमलंय त्यांचं." दोघेतिघे हसले. त्या हसण्यात काय होतं ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. पण त्या दिवशी मला ते लागलं नाही. मला लागलं ते काकूंचं "बॉम्बचंच असणार". त्यात दुष्टावा नव्हता. खरं तर एक समाधान होतं, जणू कोडं सुटलं. सव्वीस-सत्तावीस वर्षांची पोर उगाच मरायला टेकावी, हे कुणालाच सोसत नव्हतं. त्यापेक्षा जगाला पाठ असलेली एक गोष्ट बरी. त्या गोष्टीत तिला बसवून टाकलं, की तिच्याबद्दल आणखी काही माहीत करून घ्यायची गरज उरत नाही.

मी डबा न घेताच निघाले. काकू दारापर्यंत आल्या. "चिडलीस होय गं? मी काय वाईट बोलले?" त्यांना खरंच कळलं नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये दुपारी तीनचा सुमार किमिकोचा बरा असायचा. मी ग्रेपफ्रूट घेऊन जायची. ती ते खाण्याआधी अभ्यासासारखं सोलायची. जाड साल अंगठ्यानं उकलायची, मग एकेका फोडीचं पातळ सालपटही काढायची, आतला गर उघडा करायची आणि बशीत ओळीनं मांडायची. हस्साकू असंच खातात, सालपट कडू असतं म्हणून. आम्ही काटोलची माणसं संत्र्याची फोड अख्खी तोंडात टाकतो; मला तो सोहळा बघत बसायला आवडायचं. पहिली फोड खाऊन ती म्हणायची, "लांबचा नातेवाईक आहे. घर सोडून गेलेला."

जानेवारीच्या शेवटी तिच्या हातात तेवढीही ताकद राहिली नाही. मग मी सोलायला लागले, आणि सालपटाबरोबर निम्मा गर फाडायला लागले. ती बघायची आणि म्हणायची, "शी."

अशाच एका दुपारी, खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत असताना, ती म्हणाली, "आता तर ते नक्की म्हणतील."

"काय?"

"हिरोशिमा." मग ती म्हणाली, "सुजाता, त्यांना म्हणू देऊ नकोस. मी माझ्या गावची आहे ने."

मी म्हटलं, "हो ना."

याहून जास्त तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

ती गेल्यावर तिचे वडील एकटेच आले. आईला प्रवास झेपणारा नव्हता. ठेंगणे, रुंद पंज्यांचे, मनगटांवर ठिणग्यांचे जुने पांढरे ठिपके. इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी कोटाच्या खिशांवर हात ठेवले, मग हवेत एका फळाएवढा गोल केला, आणि रिकामे तळवे मला दाखवले. लेकीपुढे ठेवायला आणलेली हस्साकू विमानतळावर काढून घेतली होती. परदेशी फळ देशात आणायची परवानगी नाही. नियम असेल, कारणही असेल. पण घरच्या झाडाची चार फळं मेलेल्या मुलीपर्यंत पोचू न देणाऱ्या त्या टेबलाचा मला आजही संताप येतो.

मी त्यांच्यापुढे ग्रेपफ्रूट ठेवलं. त्यांनी ते हुंगलं, मान हलवली, आणि सोलायला लागले. अंगठे तिच्यासारखेच चालत होते. सालपट निघालं, गर अख्खा राहिला. त्यांनी फोडी बशीत ओळीनं मांडून तिच्या फोटोपुढे ठेवल्या आणि हात जोडले. मीही जोडले. आमच्या घरी माणूस गेल्यावर म्हणतात ते त्रिशरण मी हळू आवाजात म्हटलं. शब्द त्यांच्या ओळखीचे नव्हते. पण ऐकता ऐकता मधेच त्यांनी मान वर केली. "बुद्धम्" त्यांना कळला असावा.

विद्यापीठानं श्रद्धांजलीची सभा ठेवली. मी हॉलमध्ये शिरले आणि जागच्या जागी उभी राहिले. छतापासून कागदी पक्ष्यांच्या माळाच माळा सोडलेल्या होत्या. विद्यार्थ्यांनी दिवसचे दिवस बसून घड्या घातल्या होत्या. बाँबनंतर आजारी पडलेली तिथली एक मुलगी असे पक्षी करत असे, ती गोष्ट जगाला पाठ; हिरोशिमा म्हटल्यावर त्यांना तेच सुचलं. किमिकोला कागदाची साधी होडीसुद्धा नीट जमायची नाही. जहाजं बांधणाऱ्यांच्या गावात जन्मून हे, असं ती स्वतःच सांगत हसायची. ज्यांनी घड्या घातल्या त्यांच्यातल्या एकानंही तिला कधी विचारलं नव्हतं, तुझ्या गावात काय आहे?

डीन बोलले. हिरोशिमाची कन्या म्हणाले. इतिहासाची लांब सावली म्हणाले. लोकांनी डोळे पुसले.

मग तिच्या वडिलांना विचारलं, काही बोलायचं आहे का. ते उठले. तोक्योचा एक विद्यार्थी दुभाषा म्हणून शेजारी उभा राहिला. वडील बराच वेळ बोलले, हातांनी दाखवत, हळूहळू. मला जपानी येत नव्हतं, पण किमिकोमुळे काही शब्द ओळखीचे होते. इन्नोशिमा दोनतीनदा आलं. हस्साकू आलं. त्यांनी मूठ वळून हवेत घण मारला, तेव्हा मला कळलं ते कोणत्या सकाळींबद्दल सांगताहेत. ते थांबले. दुभाष्यानं घसा साफ केला आणि इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणतात, ती हिरोशिमाजवळच्या एका छोट्या बेटावर वाढली. ते तुमचे सगळ्यांचे आभार मानतात."

त्या सगळ्यातला एकच शब्द वडिलांना कळला. ते वळले. "ईये," ते म्हणाले. म्हणजे नाही. "ईये. इन्नोशिमा."

भाषण संपलं असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

या टाळ्या मी अजून ऐकते. चांगल्या माणसांच्या टाळ्या होत्या त्या, आणि म्हणूनच त्यांना क्षमा करणं मला जमलेलं नाही. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

पुढे वसंतात कॅम्पसवर तिच्या नावानं झाड लावायचं ठरलं. झाड अर्थातच चेरीचं. त्याखाली पितळी पाटी. परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसातल्या कॅरलबाईंनी मला मजकूर दाखवला. नाव, आणि खाली, हिरोशिमा, जपान.

मी म्हटलं, इथे इन्नोशिमा हवं.

"हनी, ते कुणाला कळणार?" कॅरल म्हणाल्या. "पाटी वाचून लोकांना काहीतरी जाणवायला हवं ना."

"तिचं शहर ते नव्हतं."

त्यांनी कागद काढून बघितला. "पण प्रांत हिरोशिमाच आहे. मी खात्री करून घेतली आहे. हे चूक नाही."

"चूक नाही," मी म्हटलं. "खोटं आहे."

त्या दुखावल्या. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, तू फार सोसलं आहेस. मी डीनना भेटले. विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राकडे मजकूर दिला. तो आला नाही. मुंबई सोडून भारत ठाऊक नसलेल्या त्या लोकांनी माझ्या स्वतःच्या नोंदीतही गावापुढे बॉम्बे लिहून ठेवलं होतं, हे मला त्याच खेपांमध्ये कळलं. ते मी दुरुस्त करून घेतलं. तेवढं मला करता आलं, कारण मी जिवंत होते.

एखाद्याच्या मरणाला किंमत यायला त्याचं गाव आधी प्रसिद्ध असावं लागतं का? मोठी राखरांगोळी झालेली ठिकाणं तेवढी नकाशावर, आणि जिथे फक्त कारखाना बंद पडतो, वर्ग रिकामे होतात, फळं पिकतात, ती ठिकाणं नकाशाबाहेर? मग बहुतेक सगळी माणसं कुठलीच नाहीत. मीसुद्धा. तुम्हीसुद्धा असाल.

म्हणून आता तुम्हाला सांगते. इन्नोशिमात एक डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर शेकडो दगडी अर्हत, म्हणजे बुद्धाचे शिष्य, बसवले आहेत. एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही. आपलं गेलेलं माणूस त्यांत कुठेतरी सापडतं, असं तिथे मानतात. पूर्वी त्या पाण्यात चाच्यांचं राज्य होतं, आणि शाळेतल्या पोरांना त्यांचा अभिमान असतो. किमिको सांगायची, हिवाळ्यात झाडावरून उतरवलेली हस्साकू घरात निवांत ठेवतात, आंबटपणा मुरू देतात, आणि फेब्रुवारी सरताना खायला काढतात. तेव्हा सगळ्या बेटाच्या बोटांना एकच वास येतो. शेजारच्या बेटापर्यंत मोठा पूल झाला, तेव्हा सगळं गाव चालत पलीकडे जाऊन आलं. कुणालाच पलीकडे काही काम नव्हतं. ही काही धावती ओळख नाही. मी तिथे कधी गेले नाही, पण बोटीतून उतरून एका मुलीबरोबर दोन वर्षं हिंडले आहे.

तिचे वडील मला कार्ड पाठवायचे, अजूनही पाठवतात. मला वाचता येत नाही. इथल्या एका जपानी शेजारणीकडून वाचून घेते. काही वर्षांपूर्वी कार्डाच्या पाठीवरचा पत्ता बदललेला दिसला. घर बदललं का, असं मी विचारलं. शेजारीण म्हणाली, घर तेच आहे. माणसं कमी झाली म्हणून ते शहर समोरच्या किनाऱ्यावरच्या मोठ्या शहरात विलीन केलं. आता आधी त्या शहराचं नाव येतं, त्याला शी लागतं. मग नुसतं इन्नोशिमा.

गेल्या वर्षी कामानिमित्त स्टेट कॉलेजला गेले होते. चेरीचं झाड मोठं झालं आहे. पितळ काळवंडलं आहे, अक्षरं वाचता येतात. पाटीवर हिरोशिमा आहे. पत्त्यात इन्नोशिमा आहे. शी गेलं.